पाण्यालाही विरजण लागतं

मार्चचा दुसरा आठवडा होता. ऊन असं तापलं होतं की शाळेच्या पत्र्याखाली मुलांना बसवत नव्हतं. चारच्या सुमारास आभाळ काळंनिळं होत आलं, वारा सुटला आणि दहा मिनिटं गारा कोसळल्या. बऱ्याचशा बोराएवढ्या, काही लिंबाएवढ्या. कापणीला आलेला गहू झोपला. संत्र्याच्या आंबिया बहाराची नुकती धरलेली बारीक फळं झाडाखाली सडा पडावा तशी पडली.

दुसऱ्या दिवशी वर्गात अर्धी मुलं नव्हती, घरच्यांसोबत वावरात गेली होती. जी आली होती त्यांतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, इतक्या उनात आभायात बर्फ कसा काय जमते?"

"वर थंड असतं" हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. त्या ढगात उणे दहा अंशांनाही पाण्याचे असंख्य थेंब बर्फ न होता तसेच पाणी म्हणून तरंगत असतात. मग पुस्तकातल्या "पाणी ० अंश सेल्सिअसला गोठते" या वाक्याचं काय करायचं? ते वाक्य चूक नाही. त्याच्या पोटात दोन गोष्टी आहेत, ज्या आपण मुलांना सहसा सांगत नाही. एक, पाण्याला गोठण्यासाठी पुष्कळ उष्णता बाहेर टाकावी लागते. दुसरी, गोठायला कुठून तरी सुरुवात व्हावी लागते. या दोन गोष्टी कळल्या तर मटका कुल्फीपासून गारपिटीपर्यंत सगळं उलगडतं.

आधी शून्याचं पाहू. गोठणं ही काही पाण्याचीच मक्तेदारी नाही. आपल्याकडे डिसेंबर उजाडला की खोबरेल तेलाची बाटली सकाळी उन्हात ठेवावी लागते. ते तेल २४-२५ अंशांच्या खाली गेलं की जमतं. ज्याचा त्याचा जमण्याचा अंश ठरलेला असतो. पाण्याच्या अंशाला माणसानं शून्य हे नाव दिलं. स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली, तेव्हा पाणी उकळतं तिथे ० आणि गोठतं तिथे १०० लिहिलं होतं. पुढे ती उलटवली आणि आज आपण वापरतो ती झाली. म्हणजे शून्य ही पाण्याच्या वागण्यावरून मारलेली खूण आहे. या खुणेवर बर्फ आणि पाणी एकत्र नांदू शकतात. तिच्या वर पाण्याचं चालतं, खाली बर्फाचं.

खुणेपाशी नेमकं काय घडतं? शाळेतल्या पोरांकडे पाहा. मधल्या सुट्टीत मैदानावर सगळी एकमेकांना खेटून हुंदडत असतात. कोणी कोणाचा हात धरतो, सोडतो, दुसऱ्याचा धरतो. पाण्याचे रेणू असेच असतात. कवायतीची शिट्टी झाली आणि "एक हात अंतर घे" म्हटलं की तीच पोरं रांगेत उभी राहतात आणि तेवढीच पोरं जास्त जागा व्यापतात. बर्फात पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना ठरावीक अंतरावर, ठरावीक कोनात धरून ठेवतो. त्या रचनेत मध्ये पोकळ्या राहतात. म्हणून पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. काचेची बाटली काठोकाठ भरून फ्रीजरमध्ये विसरली की फुटते ती यामुळे. बर्फ पाण्यावर तरंगतो तोही यामुळे. रांगा लावायची तयारी गोठण्याच्या थोडी आधीच सुरू होते. पाणी सर्वांत दाट असतं ते ४ अंशांना. त्याखाली ते पुन्हा हलकं होऊ लागतं. थंड मुलखातले तलाव वरून गोठतात आणि खाली मासे जगतात याचं कारण हेच. आपल्या भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर ती पाळी कधी येत नाही.

आता उष्णतेचं, आणि इथे थोडा हिशेब करावा लागेल. एक लिटर पाणी एक अंशानं थंड करायचं तर त्यातून १ किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. उन्हाळ्यात माठातलं ३० अंशांचं पाणी फ्रीजरमध्ये ठेवलं, तर ते शून्यावर आणायला ३० किलोकॅलरी काढाव्या लागल्या. इथे वाटतं, झालं काम. पण शून्य अंशाच्या त्या पाण्याचा शून्य अंशाचाच बर्फ व्हायला आणखी ८० किलोकॅलरी काढाव्या लागतात. एवढा वेळ आत थर्मामीटर ठेवला तर पारा शून्यावरून हलत नाही. सगळं पाणी बर्फ झालं की मगच तो खाली उतरू लागतो. तिथून उणे अठरापर्यंत जायला फक्त ९ लागतात. ११९ पैकी ८० एकाच जागी उभं राहून!

ही उष्णता पाऱ्याला दिसत नाही म्हणून पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात. अठराव्या शतकात ग्लासगोत शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅक यांनी तिचा छडा लावला. त्यांचं निरीक्षण साधं होतं. हवा शून्याच्या वर गेली की बर्फ लगेच वितळत असता, तर पहिल्याच उबदार दिवशी डोंगरावरचा सारा बर्फ पाणी होऊन खाली आला असता आणि गावं वाहून गेली असती. प्रत्यक्षात तो आठवडेच्या आठवडे झिरपत वितळतो. म्हणजे वितळताना बर्फ उष्णता पीत असला पाहिजे. आणि वितळताना जेवढी पितो, तेवढीच गोठताना ओकतो.

या ८० चा सगळ्यात सुंदर उपयोग मी गावातल्या अंगणवाडीत पाहिला. लसीकरणाच्या दिवशी सिस्टर निळा डबा घेऊन येतात. त्यात चारी बाजूंना चार आइसपॅक आणि मध्ये लसी असतात. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. मला वाटायचं, बर्फ जेवढा थंड तेवढा चांगला. तसं मुळीच नाही. पेंटाव्हॅलंट, धनुर्वाताची, कावीळ-बीची, अशा लसी गोठल्या तर निकामी होतात. फ्रीजरमधून काढलेला आइसपॅक उणे पंधरा-वीस अंशांचा असतो. तो तसाच डब्यात घातला तर शेजारची लस गोठवू शकतो. म्हणून सिस्टर आधी आइसपॅक बाहेर मांडून ठेवतात. त्यांना घाम सुटला की एकेक उचलून कानाशी हलवतात. आत पाणी खळखळलं की मगच डब्यात. त्या खळखळीचा अर्थ असा की आता आत बर्फ आणि पाणी दोन्ही आहेत, म्हणजे आइसपॅक शून्यावर आला आहे. आणि आतला शेवटचा बर्फ संपेपर्यंत तो शून्याच्या आसपासच राहणार, बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन असलं तरी. थर्मामीटर नाही, काही नाही, एका आवाजावरून तापमान ओळखायचं. मला हे फार मोलाचं वाटतं.

घरीही याचा फायदा घेता येतो. आपल्याकडे लाइन जाणं नवीन नाही. फ्रीजरमध्ये रिकामी जागा ठेवण्यापेक्षा पाण्याच्या दोन-तीन प्लास्टिकच्या बाटल्या, वर चार बोटं जागा सोडून, गोठवून ठेवा. लाइन गेल्यावर दर किलो बर्फ ८० किलोकॅलरी पिईल आणि दूध तेवढं जास्त टिकेल. बर्फाची लादी भुशात घालून वर ओलं पोतं टाकून दिवसभर गोळे विकणाऱ्या माणसाचा धंदा याच ८० वर उभा आहे.

आता मिठाकडे वळू. उन्हाळ्यात लग्नाघरी किंवा सुट्टीत पॉटचं आइस्क्रीम केलेलं अनेकांना आठवत असेल. लाकडी बादली, मध्ये दुधाचा डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि त्यावर मूठ-मूठ जाडं मीठ. पोरं पाळीपाळीनं हँडल फिरवायची. मीठ घातल्यावर बर्फ भराभर वितळतो, हे सगळे पाहतात आणि गोंधळतात. वितळायला लागला तर थंडावा वाढला कसा?

बर्फाच्या अंगावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. शून्यावर जेवढे रेणू बर्फातून सुटून या पापुद्र्यात येतात, तेवढेच पापुद्र्यातून परत बर्फात जाऊन बसतात. मीठ पापुद्र्यात विरघळलं की मिठाचे कण वाट अडवतात. परत जाणारे कमी होतात, सुटणारे मात्र तेवढेच राहतात. म्हणून बर्फ वितळत जातो. वितळायला लागणारे ८० आणायचे कुठून? आजूबाजूचं काही गरम नसलं तर तो स्वतःच्याच अंगातून आणि दुधाच्या डब्यातून काढून घेतो. मिश्रण शून्याच्या खाली घसरतं. मीठ पुरेपूर असेल तर ते उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं. पॉटमध्ये एवढं सहसा होत नाही, पण उणे दहाच्या आसपास आलं तरी दुधाचं काम होतं. दुधात साखर असल्यामुळे ते शून्याला जमतच नाही, त्याला खाली न्यावंच लागतं. नुसत्या बर्फात ठेवलेलं आइस्क्रीम का जमत नाही याचं उत्तर एवढंच.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यातल्या एका विद्यार्थ्यानं मला विचारलं होतं, "मग आमच्या विहिरीचं पाणी लवकर जमत नसीन ना?" हिशेब करून पाहिला. एका लिटरमध्ये १० ग्रॅम मीठ असेल, तर गोठण्याचा अंश साधारण ०.६ नं खाली जातो. लिटरमध्ये ३५ ग्रॅम क्षार असलेलं समुद्राचं पाणीसुद्धा उणे दोनच्या थोडं अलीकडेच गोठतं. तेव्हा खारपाणातलं पाणी फ्रीजमध्ये जवळजवळ शून्यालाच जमणार. फरक दिसेल तो बर्फाच्या रंगात. बर्फाच्या रचनेत क्षारांना जागा नसते. ट्रेमधलं पाणी बाहेरून आत गोठत जातं आणि क्षार, विरघळलेली हवा, सगळं मध्यभागी ढकललं जातं. म्हणून खड्याच्या कडा काचेसारख्या आणि पोट पांढरं असतं. तो पांढरा भाग वेगळा चाखून पाहा, जिभेला कळतं.

एवढं झाल्यावर विरजणाकडे येता येतं.

दूध कोमट करून रात्रभर झाकून ठेवलं म्हणून दही लागत नाही, त्यात चमचाभर विरजण घालावं लागतं. खडीसाखरेच्या पाकात दोरा सोडावा लागतो, खडे त्याला धरून वाढतात. पाण्याचंही तसंच आहे. रेणूंनी रांग लावायची तर पहिली काही पोरं जागेवर उभी राहावी लागतात, मग बाकीची त्यांच्या मागे लागतात. पहिली छोटी रांग आपोआप जुळली तरी ती इतकी डळमळीत असते की पुढच्या क्षणी मोडते. कशाचा तरी आधार मिळाला तर टिकते: धुळीचा कण, भांड्यावरचा ओरखडा, बर्फाचाच एखादा कपचा. असा आधार नसेल तर पाणी शून्याच्या खाली जाऊनही पाणीच राहतं. शुद्ध पाण्याचे अगदी बारीक थेंब सुमारे उणे ३८ अंशांपर्यंत असे राहू शकतात. त्याच्याही खाली मात्र आधार नसला तरी रांग जुळतेच.

हे घरी पाहता येतं. शुद्ध केलेल्या पाण्याची सीलबंद प्लास्टिकची बाटली फ्रीजरमध्ये आडवी ठेवा आणि अडीच-तीन तास हात लावू नका. नशीब असेल तर ती काढताना आतलं पाणी अजून पाणीच असेल. ओट्यावर जरा आपटली की डोळ्यांदेखत पांढरे तुरे धावत जातात आणि बाटली गोळ्याच्या चुऱ्यासारखी होते. पूर्ण टणक बर्फ मात्र होत नाही. का ते आता सांगता येईल. पाणी उणे पाचला असेल तर लिटरमागे फक्त ५ किलोकॅलरींची उणीव त्याच्यात साठलेली असते. गोठणारा भाग किलोला ८० या दरानं उष्णता ओकतो, त्यामुळे सोळावा हिस्सा गोठला की बाटली पुन्हा शून्यावर येते आणि काम थांबतं.

ढगांत हे विरजण मुद्दाम घालतात. कृत्रिम पावसासाठी विमानातून सिल्व्हर आयोडाइड फवारतात हे आपण ऐकून आहोत. त्याच्या स्फटिकाची घडण बर्फाशी मिळतीजुळती असते, म्हणून थंड थेंब त्याला धरून गोठतात. अमेरिकी शास्त्रज्ञ बर्नार्ड व्हॉनेगट यांनी हा गुण १९४६ मध्ये ओळखला. आणि खरंखुरं, जिवंत विरजणही आहे. पिकांच्या पानांवर राहणारा स्यूडोमोनास सिरिंगी नावाचा एक जिवाणू आहे. त्याच्या अंगावरची प्रथिनं पाण्याच्या रेणूंना बर्फासारखं मांडून देतात. तो नसता तर पानावरचं पाणी आणखी काही अंश खाली गेल्यावर गोठलं असतं. तो असला की उणे दोनलाच गोठतं.

पान म्हटलं की पहाटेचं वावर आठवतं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश तापमान नोंदलं गेलं. शून्याच्या बऱ्यापैकी वर. तरी अशा पहाटे मोकळ्या वावरात, खोलगट भागात, गवतावरचं दव गोठलेलं दिसू शकतं, आणि चिखलदऱ्याच्या पठारावर तर अशा बातम्या येतातच. लोक म्हणतात, तापमान चुकीचं सांगतात. सांगतात ते बरोबरच असतं, पण हवामान खात्याचा थर्मामीटर जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंच, जाळीदार पेटीत असतो. तो हवेचं तापमान सांगतो, पानाचं नाही. निरभ्र रात्री, वारा पडलेला असताना, पान आपली उष्णता सरळ उघड्या आभाळाकडे टाकत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी जास्त थंड होतं. थंड हवा जड असते, ती उतारानं वाहत येऊन खोलगट जागी साचते. ढग असले की ही उष्णता परत खाली येते, म्हणून ढगाळ रात्री अशी भीती नसते.

हे आपल्या देशात फार आधीपासून माहीत होतं, आणि त्यावर धंदा चालायचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी राहिलेल्या सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये अलाहाबादकडे बर्फ कसा बनवत ते लिहून ठेवलं आहे. मोकळ्या मैदानात सुमारे तीस फूट लांबरुंद आणि दोन फूट खोल खड्डे, तळाशी वीतभर जाडीचा वाळक्या उसाचा किंवा मक्याच्या ताटांचा थर, त्यावर मातीची उथळ, झिलई न दिलेली भांडी. संध्याकाळी त्यांत उकळून गार केलेलं पाणी भरायचं आणि सूर्य उगवायच्या आत बर्फ गोळा करायचा. खालची ऊब उसाच्या थरानं अडवली, वरची आभाळानं ओढली, आणि झिलई नसलेल्या मातीतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना आणखी उष्णता गेली. वीज नाही, यंत्र नाही. ज्या कुंभारांनी आणि मजुरांनी हे बसवलं त्यांची नावं कुठे नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

कडक थंडीच्या रात्री पिकाला हलकं ओलीत द्या, धुऱ्यावर धूर करा, असा सल्ला मिळतो. धुरापेक्षा माझा भरवसा ओलितावर जास्त आहे. धुराचे कण पानातून निसटणारी उष्णता फारशी अडवू शकत नाहीत. विहिरीचं पाणी मात्र थंडीतही पंचवीस अंशांच्या आसपास असतं. ते पाच अंशांपर्यंत उतरलं तरी लिटरमागे २० किलोकॅलरी वावरात सोडून जातं, आणि ओली जमीन खालची ऊब लवकर वर आणते. रात्रीच्या लाइनवर पंप चालवायला जाणाऱ्या माणसाला झोपेचा त्रास होतो, पण तूर-हरभऱ्याला त्या रात्री त्याचा आधार होतो.

आता त्या मुलीचा प्रश्न. ऊन होतं म्हणूनच गारा पडल्या. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर झेपावते. बंगालच्या उपसागराकडून ओलावा आलेला असतो आणि वर उत्तरेकडची थंड, कोरडी हवा असते. अशा वेळी ढग दहा-पंधरा किलोमीटर उंच चढतो. मार्च-एप्रिलमध्ये चार-साडेचार किलोमीटरच्या वर शून्याखालचा मुलूख सुरू होतो. तिथे थेंब गोठायला हवेत, पण बहुतेकांना विरजण मिळालेलं नसतं. ते उणे दहा, उणे पंधरा अंशांचं पाणी म्हणून तरंगत राहतात. एखादा बर्फाचा कण त्यांच्यातून गेला की जो थेंब त्याला शिवेल तो तिथेच त्याच्यावर गोठतो. वर चढणारी हवा कणाला तोलून धरते, आणि तो वाढत जातो. हवेला पेलवेनासा झाला की खाली येतो, लिंबाएवढा असेल तर ताशी साठ किलोमीटरहून जास्त वेगानं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना तो वेग काय करतो हे सांगायला नको. पावसाळ्यात शून्याची पातळी आणखी वर जाते, हवेची झेप मंदावते, आणि लहान गारा वाटेतच वितळून पाऊस होतात.

त्या मुलीनं एक लिंबाएवढी गार स्टीलच्या डब्यात घालून शेजाऱ्यांच्या फ्रीजरमध्ये ठेवली होती. तिसऱ्या दिवशी थर्मासमध्ये घालून शाळेत आणली. सुरी गरम पाण्यात बुडवून आम्ही ती मधोमध कापली. आत कांद्यासारखे थर होते, एक काचेसारखा, एक दुधाळ, पुन्हा एक काचेसारखा. जिथे थेंब थोडे होते आणि थंडी जास्त, तिथे ते शिवताच गोठले, हवा आत अडकली, आणि थर दुधाळ झाला. जिथे थेंब इतके आले की त्यांची ८० ची उष्णता बाहेर टाकायला वेळ पुरेना, तिथे पाणी गारेभर पसरलं, हवेला निसटायला सवड मिळाली, आणि सावकाश गोठलेला थर पारदर्शक झाला. मुलं एकेक थर बोटानं मोजत आत गेली. अगदी मधे मोहरीएवढा पांढरा ठिपका होता.

"हे विरजण काय, मॅडम?" तिनं विचारलं, आणि गार वितळायच्या आत सगळ्यांनी तो ठिपका पाहून घेतला.